जोडीला एक ब्लँकेट

उंच डोंगराची सहा दिवसांची चढाई ठरवताना तुम्ही कंपनीला काय विचारता? शौचालय असतं का, फोन लागतो का, शिखरावरून सूर्योदय दिसतो का. या सगळ्याची उत्तरं ज्याने कागदावर बसवली, त्या गाईडची ही हकिकत आहे. ऐकायला गोड नाही, आधीच सांगतो.

त्याला सगळे कंपास म्हणत. शाळा सातवीत सुटली, पण पट्टी-पेन्सिल सुटली नाही. चढाई ठरली की कंपनीच्या गोदामात फरशीवर सगळं मांडून बसायचा: तंबू, रॉकेलचे डबे, पातेली, आणि खुर्च्या. हो, खुर्च्याही, तुम्हाला डोंगरावर टेकायला लागतात ना. कुठल्या दिवशी किती चढ, पाणी कुठे, कुणाच्या पाठीवर काय, सगळं एका कागदावर. हमाल चेष्टा करायचे, हा बायकोशी भांडतोसुद्धा समास सोडून. तो हसायचा नाही.

आमचा डोंगर दगाबाज. पायथ्याच्या जंगलात घामाने शर्ट पाठीला चिकटतो आणि चौथ्या दिवशी बाटलीतलं पाणी गोठतं. चढाई सुरू होते त्या फाटकावर वजनकाटा आहे. हमालाच्या पाठीवर वीस किलोच्या वर काही चालत नाही, आणि त्याचं स्वतःचं गाठोडंही त्या विसातच धरतात. नियम म्हणे हमालाच्या भल्याचा. कंपनीने त्यातून एवढंच घेतलं, की गाठोडं हलकं झालं तर माल जास्त मावतो.

इथे कंपासने डोकं चालवलं. दोन हमालांत एकच जाड ब्लँकेट, पाठीला पाठ लावून झोपायचं. जोड्या त्यानेच लावल्या, घोरणारा घोरणाऱ्याबरोबर. दर फेरीला दोन हमाल कमी लागू लागले. मालक खूश. बघता बघता डोंगरावरच्या सगळ्या कंपन्यांनी ती युक्ती उचलली. कंपासची मान ताठ झाली होती. मी हमालांच्या संघटनेचा माणूस, पण मलाही तेव्हा ती हुशारीच वाटली, हेही लिहून ठेवतो.

अशाच एका फेरीत हमालांमध्ये त्याचे दाजी होते, थोरल्या बहिणीचा नवरा. तिसऱ्या दिवशी दाजींचा जोडीदार ओकू लागला, चालताना झोक जाऊ लागला. विरळ हवा लागली की माणसाला लगेच खाली उतरवायचं, दुसरा उपाय नाही. दाजींनी ब्लँकेट त्याच्या अंगाभोवती गुंडाळलं आणि त्याला उतरणाऱ्या दुसऱ्या तुकडीबरोबर खाली धाडलं. आजारी माणसाला उघडा कोण पाठवेल? कंपासने कागदावरचा एक हमाल खोडला, त्याचं ओझं चौघांत वाटलं. ब्लँकेट कुठे गेलं, याला त्या कागदावर रकानाच नव्हता.

वरच्या कॅम्पवर बाकीच्यांनी दाजींना आपल्यात बोलावलं. एका ब्लँकेटात तिघे मावत नाहीत, हे त्यांनाही दिसत होतं. मला थंडी बाधत नाही, म्हणाले. वयाने मोठे, कुणी आग्रह केला नाही. सकाळी चहाचं आधण ठेवायला माणसं उठली तेव्हा ते आखडून गेलेले होते.

कंपनीने सरकारी चौकशीसाठी जबाब लिहून तयारच ठेवला. हमाल दारू प्यायला आणि नशेत त्याने गरम कपडे काढून टाकले. खाली कंपासची सही हवी. केली तर गाईडचा परवाना राहतो; नाही केली तर अठरा वर्षांची वाट बंद. दाजींनी उभ्या जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं.

सही न करता तो आधी बहिणीकडे गेला. मी सोबत होतो. ती मोरीपाशी भांडी घासत होती. त्याने सगळं सांगितलं, जोडीची युक्तीसुद्धा. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"म्हणजे ब्लँकेट तू कमी केलंस."

"हो, ताई."

"आणि हे प्यायले होते?"

"नाही."

"मग तेवढं तिथे जाऊन सांग. आणि या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

त्याने चौकशीत उभं राहून सांगितलं: दारूचं खोटं आहे, जोडीला एक ब्लँकेट ही माझी आखणी. दाजींचं नाव धुतलं गेलं, याचा परवाना गेला. कंपनीच्या केसालाही धक्का लागला नाही. दोषी स्वतःच कबूल झाला होता ना. बाहेर व्हरांड्यात मालक मला म्हणाला, प्रामाणिक आहे हो तुमचा माणूस. त्यावर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

कंपास आता बाजारात सॅकच्या तुटलेल्या चेनी बदलतो. बहीण त्याच गल्लीतून भाजी आणायला जाते आणि त्याच्या टपरीकडे बघत नाही. त्याची पद्धत मात्र डोंगरावर जशीच्या तशी चालू आहे. आम्ही निवेदनं दिली, फाटक अडवलं, दोनदा कोठडीत बसून आलो. आमचं कंपनी ऐकत नाही, गिऱ्हाइकाचं ऐकते.

म्हणून हे तुम्हाला सांगतोय. वर जाणार असाल तर काट्यापाशी पाच मिनिटं थांबा. हमालांना गाठोडी सोडायला सांगा. माणसं मोजा, ब्लँकेटं मोजा, आणि दोन्ही आकडे सारखे भरेपर्यंत फाटकाच्या आत पाऊल टाकू नका.