कूलरसमोर ठेवलेली गिटार

हवाईयन गिटारची पहिली तार बदलायला, हात सरावाचा असेल तर, फार वेळ लागत नाही. बदललेली तार सुरावर थांबायला मात्र एक दिवस लागतो. माझ्या धाकट्या बहिणीकडे त्या सकाळी तो दिवस नव्हता. दुपारी रेडिओवर तिची ऑडिशन होती.

सत्तरच्या दशकातला मे महिना. आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहत होतो. बहीण सहा तारांची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. उजव्या बोटांत नख्या आणि डाव्या हातात गुळगुळीत पोलादी दांडी. दांडी तारांवरून सरकवून सूर काढायचा. याच जातीच्या परदेशी वाद्याला पायानं दाबायच्या पट्ट्या असतात आणि त्यांनी तारा ताणल्या जातात, हे तिनं एका मासिकातल्या चित्रात पाहिलं होतं. नागपुरात तसं वाद्य कोणाकडे असल्याचं ऐकिवात नव्हतं. आपल्या गिटारला त्या पट्ट्या नाहीत हेच बरं, असं ती म्हणायची. सहा तारा सांभाळतानाच जीव जातो.

तिचं लग्न कुहीच्या एका शेतकरी घरात ठरलं होतं. बोलणी झाली तेव्हा गिटारचा विषय वडिलांनीच काढला. मुलाची आई स्पष्ट बोलणारी बाई होती.

"रेडिओनं बोलावलं त तिले कोनी नाही अडवनार, इवाईबुवा. पन नुसतं घरी बसून वाजवाले आमच्याकडं कोनाले टाइम हाये?"

वडिलांना हे रास्त वाटलं. बहिणीलाही वाटलं असावं. आदल्या वर्षी ती या ऑडिशनमध्ये नापास झाली होती. सूर ठरत नाहीत, असं कारण तिला तोंडी सांगण्यात आलं होतं. लग्न दिवाळीनंतर होतं. म्हणजे ही शेवटची संधी होती. पास झाली तर गिटार कुहीला जाणार होती, नाहीतर आमच्या घरी कपाटावर राहणार होती.

ऑडिशनच्या आधी चार दिवस ती मैत्रिणीच्या लग्नाला खाप्याला गेली. बसमधल्या उन्हानं लाकूड तडकेल म्हणून गिटार घरीच ठेवली. आदल्या संध्याकाळी परतली आणि थकून झोपली. सकाळी गिटारची पेटी उघडली, दांडी तारेवर ठेवून सरकवली आणि थांबली.

"दादा, हे ऐक."

तिनं पुन्हा दांडी सरकवली. सुराखाली किरकिर होती, वाळूवरून पत्रा ओढल्यासारखी. मी तारेवर बोट फिरवलं. पहिल्या दोन, सर्वांत बारीक तारांवर तांबूस ठिपके होते. पेटी नेहमी कपाटावर असायची. आज ती कूलरसमोरच्या स्टुलावर होती.

"इथं कोणी ठेवली?" तिनं हळू विचारलं. मी उत्तर देण्याआधी स्वयंपाकघरातून आईच बोलली.

"म्या ठेवली वं. किती तपून राहिलं बाहेर. झाकण उघडून ठेवत होती रोज, तिलेही हवा लागली पाहिजे ना. काहून, काय झालं?"

आईनं चार दिवस आपली खाट बाजूला सरकवून गिटारला कूलरसमोरची जागा दिली होती. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा तारांवर रोज बसत होती. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. सांगायचं नाही, असा त्याचा अर्थ होता.

"काही नाही आई. थंड आहे अगदी," ती म्हणाली.

मग तिनं चटई टाकली आणि कामाला बसली. पर्याय दोनच होते. जुन्या तारा ठेवल्या तर किरकिर माइकमध्ये जाणार होती. नव्या घातल्या तर त्या तास न् तास उतरत राहणार होत्या. तिनं बारीक दोनच बदलायचं ठरवलं. बाकीच्या चार कोरड्या फडक्यानं पुसून ठेवल्या. तिच्याजवळ त्या दोन तारांची एकच जादा जोडी होती. कोलकात्याहून मागवलेली, नागपूरच्या दुकानात त्या मिळत नव्हत्या.

दोन्ही तारा एकदम काढायच्या नाहीत. एक काढून तिच्या जागी नवी बसवली की मगच दुसरी, म्हणजे गिटारच्या मानेवरचा ताण फार बदलत नाही. हे तिनं मला पूर्वी सांगितलं होतं. त्या दिवशीही तिनं तसंच केलं. तारेच्या टोकाचा मणी खाचेत पक्का बसला की नाही ते ओढून पाहिलं. खुंटीवर तीन वेढे बसतील एवढी ढील ठेवली आणि प्रत्येक वेढा आधीच्या खाली लागेल असा फिरवला. वरच्या पट्टीच्या खाचांत पेन्सिलचं शिसं घासलं, तार तिथं अडकू नये म्हणून. पहिली तार चढवताना मध्येच टक असा आवाज आला. तिचा हात जागीच थांबला. तार तुटली नव्हती, खाचेत सरकली होती. तिनं खाचेत पुन्हा शिसं घासलं आणि पुढं गेली.

सुरात आणायची, बोटानं वर उचलून ताणायची, उतरली की पुन्हा सुरात आणायची. जेवणाची वेळ झाली तरी तेच चालू होतं. आईनं दोनदा हाक मारली. शेवटी ताट तिथंच आणून ठेवलं आणि म्हणाली, "इतके कान पिळशीन त ते बिचारी बोलनच नाही."

आम्ही रिक्षानं निघालो. गिटारची पेटी ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळायला आई निघाली होती; बहिणीनं कोरडी चादर मागून घेतली. रेडिओच्या व्हरांड्यात गरम हवेतच तिनं पुन्हा तारा लावल्या. मग तिला आत बोलावलं. मला काचेपलीकडच्या बाकावर बसू दिलं.

स्टुडिओ वातानुकूलित होता. थंडीनं पोलाद आकसतं. जुन्या चार तारा चढल्या आणि नव्या दोन आपल्या सवयीनं उतरल्या. तंबोरा सुरू झाला तसं तिच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं. तिनं एक मिनिट मागितलं. जुन्या तारा खाली आणल्या. दुसरी वर घेतली. पहिलीच्या खुंटीवर हात ठेवला आणि तिथंच राहिली. तारेवर ताण आधीच बराच होता. अजून चढवताना ती तुटली तर बदलायला जादा तार उरली नव्हती. स्पीकरमधून आवाज आला, "सुरू करा." तिनं खुंटीवरचा हात काढून घेतला.

लाल दिवा लागला. पहिली तार केसभर उतरलेलीच होती. तिनं ती मोकळी एकदाही छेडली नाही. त्या तारेवर येणारा प्रत्येक सूर तिनं दांडी पट्टीवरच्या खुणेच्या किंचित पुढे नेऊन घेतला, आणि बाकीच्या तारांवर येताना तेवढीच मागे आणली. काचेतून दिसत होता तो फक्त डावा हात. तो पूर्ण वेळ असा मागेपुढे मोजून चालत होता. वादन संपलं तेव्हा ती लगेच उठली नाही. तार सुरात होती का, असं तिनं बाहेर आल्यावर मला विचारलं. मला कळलं नाही, असं मी सांगितलं. ते खरं होतं.

पावसाळा संपताना निकाल कळला. पास.

लग्नानंतर पाठवणीच्या वेळी गिटारची पेटी सामानाच्या गाडीत सर्वांत वर ठेवली. आई बहिणीच्या सासूला समजावत होती. "एवढी थंड जागी ठेवजा, बाई. कूलर नसन त माठाजवळ ठेवजा."

बहीण डोक्यावरचा पदर सावरत वळली. "थंड नाही, आई. कोरड्या जागी."

"काहून वं?"

"ओल्या हवेनं तारा गंजतात."

आई पेटीकडे पाहत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहत होतो. त्या दिवशी सकाळी तू म्हणूनच, असं काहीतरी ती पुटपुटली. बहिणीनं तिचा हात धरला. त्यावर बहिणीची सासू बोलली.

"धानाच्या कोठीजवळ ठेवू. तिथं आमी एक दाना ओला नाही होऊ देत."