वानखडे सरांचा रिकामा खिळा

आमच्या समितीच्या प्रत्येक इतिवृत्तात एक ओळ हमखास असते : ‘सविस्तर चर्चा झाली.’ बस, एवढंच. कोण कोणावर ओरडलं, कोण चहा न पिता उठून गेलं, कोणी कोणाच्या प्रिन्सिपॉलला फोन लावला, ह्याला रजिस्टरात रकाना नाही. मग ते सगळं माझ्यासारख्याच्या डोक्यात साचत राहतं. पंचवीस वर्षं झाली मी अमरावतीच्या एका कॉलेजात खेळाचा मास्तर आहे. चार मित्र जमले की त्यातलं एकेक बाहेर पडतं.

समिती फुटबॉलची. अमरावतीची चार कॉलेजं, अकोल्याची चार, आणि आठांत मिळून एक फिरती ढाल. जो चॅम्पियन, त्याच्या कॉलेजात ती वर्षभर राहणार. भांडण एकच, आणि ते मी नोकरीला लागलो तेव्हापासून चालू आहे : चॅम्पियन ठरवायचा कसा?

या भांडणातला मुख्य माणूस म्हणजे अकोल्याचे वानखडे सर. कॉलेज लहान, मैदान खडकाळ, माणूस मात्र हट्टी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी क्रीडा विभागाच्या खोलीत, कपाटाच्या वर, एक खिळा ठोकला. ढालीसाठी. त्यावर ते कॅलेंडर लावू देत नाहीत, शिट्टी अडकवू देत नाहीत. एकदा नव्या शिपायाने तिथे छत्री टांगली, तर सरांनी ती काढून त्याच्या हातात दिली. “हा खिळा रिझर्व्ह हाय,” म्हणाले.

यंदा सर रिटायर होणार होते आणि खिळा अजून रिकामाच होता.

*

सुरुवातीला फायनल नावाचा प्रकारच नव्हता. अमरावतीची कॉलेजं आपापसांत खेळायची, अकोल्याची आपापसांत. दोन विजेते निघायचे. त्यांची गाठ घालावी तर परीक्षा जवळ आलेली, मैदान कोणाच्या तरी लग्नाला दिलेलं. मग पाच जणांची समिती अमरावतीत बसायची, पोहे खायची आणि मतदान करून दोघांतला चॅम्पियन ठरवायची. पाचांत तीन आम्ही अमरावतीचे, दोन अकोल्याचे. निकाल दरवर्षी तीन विरुद्ध दोन.

अध्यक्ष धर्माळे सर, अमरावतीच्याच दुसऱ्या एका कॉलेजचे. अत्यंत सज्जन माणूस. पक्षपात नको म्हणून मत देताना डोळे मिटून घ्यायचे. डोळे मिटूनही हात मात्र अमरावतीसाठीच वर जायचा.

एका वर्षी वानखडे सरांच्या पोरांनी तिन्ही मॅच जिंकल्या, एकही गोल खाल्ला नाही. समितीचा निकाल तीन-दोन. सरांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

“अध्यक्ष साहेब, हातच वर करायचे होते त पोट्ट्यायले एवढं धावाले काहून लावलं?”

धर्माळे सर शांतपणे म्हणाले, “सर, मनाले लावून घेऊ नका. पोहे घ्या अजून.”

इतिवृत्तात लिहिलं, सविस्तर चर्चा झाली.

*

मतदान बंद पडलं ते वानखडे सरांनी वर्षानुवर्षं लावलेल्या भुणभुणीमुळे. त्या जागी फॉर्म्युला आला. आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या तायडे मॅडमनी रात्रंदिवस खपून एक्सेलची शीट बनवली. जिंकलं तर गुण, तगड्या टीमला हरवलं तर जास्त गुण, गोल खाल्ला तर वजा. आम्हाला कोणालाच ती कळली नाही, म्हणून आम्ही ती एकमताने मंजूर केली.

त्या वर्षी शीटने चॅम्पियन काढला अमरावतीचं एक कॉलेज, ज्याच्या विरुद्ध एकही टीम मैदानावर आलीच नव्हती. एका टीमची गाडी चुकली, दुसरीची प्रॅक्टिकल लागली, तिसरीचे अकरा भरले नाहीत. तीन वॉकओव्हर आणि खाल्लेले गोल शून्य. शीटला त्या पोरांत एकही दोष सापडेना.

बक्षीस घ्यायला त्यांचा कॅप्टन स्टेजवर आला. पोरगा प्रामाणिक. ढाल हातात घेतली आणि हळूच मॅडमना विचारलं, “मॅडम, आमी हरवलं कोनाले?”

मॅडमनी घरी गेल्या गेल्या शीट डिलीट केली. फार लावून घेतलं त्यांनी. वानखडे सर त्यांच्यावर मात्र कधी चिडले नाहीत. उलट मुद्दाम फोन करून म्हणाले, “मॅडम, तुमचं गणित बरोबर व्हतं. मॅचच झाली नाई, तिथं गणित तरी काय करन?”

*

पुढच्या वर्षी भांडायची ताकद कोणातच उरली नव्हती. धर्माळे सरांनी तोडगा काढला : दोघंही चॅम्पियन. अमरावतीतून आमचं कॉलेज निघालं होतं, अकोल्यातून वानखडे सरांचं. ढाल सहा महिने आमच्याकडे, मग सहा महिने त्यांच्याकडे. हस्तांतरण मधल्या गावी, मूर्तिजापूरच्या एसटी स्टँडवर.

“अर्धं लग्न लागते का कुठं?” वानखडे सर कुरकुरले. पण खिळ्याचा गंज त्यांनी घासून काढला, असं मला त्यांच्या शिपायाने सांगितलं.

सहा महिन्यांनी मी ढाल चादरीत गुंडाळून एसटीने निघालो. सर अकोल्याहून आले. स्टँडवरच्या गोपाळभाऊंच्या कॅन्टीनमध्ये बसलो, चहा आला, आणि वाद निघाला. सहा महिने मोजायचे कुठून? मी म्हटलं, बक्षीस समारंभापासून, म्हणजे अजून आठ दिवस ढाल आमची. सर म्हणाले, निकालापासून, म्हणजे ती आधीच त्यांची झालेली. आवाज चढले. तेवढ्यात अमरावतीची गाडी लागली, पाठोपाठ अकोल्याची. मी तावातावाने माझ्या गाडीत चढलो, ते त्यांच्या. मला वाटलं, ढाल त्यांनी उचलली. त्यांना वाटलं, मी.

दोघंही मानी. चार महिने कोणी कोणाला फोन केला नाही.

मग एकदा कामाने मूर्तिजापूरला उतरलो, तर गोपाळभाऊंच्या गल्ल्यामागे भिंतीवर ढाल! गळ्यात झेंडूचा हार, खाली उदबत्ती.

“भाऊ, हे काय?”

“तुमी दोघं भांडून गेले. म्या म्हनलं, ज्याची असन तो येईन. कोनीच आलं नाई. मंग आमीच चॅम्पियन.”

तोवर नव्या स्पर्धेच्या तारखा लागल्या होत्या. ढाल अकोल्याला पोचलीच नाही. हा किस्सा सांगितला की सगळे हसतात, मीही हसतो. पण त्यात निम्मी चूक माझी होती, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त. आठ दिवसांनी माझं काय जाणार होतं?

*

मग मात्र फायनल घ्यायचीच, असं ठरलं. एवढी मोठी सुधारणा झाली, पण धर्माळे सरांनी नियमावलीच्या शेवटी एक ओळ टाकलीच : ‘बरोबरी झाल्यास नाणेफेक करण्यात येईल.’

फायनल अमरावतीत होती. पुन्हा आम्ही आणि वानखडे सर. त्यांच्या टीममध्ये सुमेध नावाचा फर्स्ट इयरचा पोरगा होता, फॉरवर्ड खेळायचा, पायात बॉल असला की त्याला अडवणं मुश्कील. नव्वद मिनिटं झाली तरी दोन्हीकडे गोल नाही. प्रमुख पाहुण्यांना बडनेऱ्याहून रेल्वे पकडायची होती, ते सारखे घड्याळ बघत होते. त्यांनीच नाणं उडवलं. वानखडे सरांचा कॅप्टन पाय मुरगळून बसला होता, म्हणून मध्ये सुमेध गेला. त्याने छापा मागितला आणि काटा पडला.

आमची पोरं नाचली. मी ढाल घेतली, फोटो काढले. नंतर वानखडे सरांना भेटायला गेलो, तर ते बुटांची पिशवी आवरत होते आणि सुमेध त्यांच्यापुढे उभा होता.

“सर, मायं काय चुकलं ते सांगा,” तो विचारत होता. “पुढच्या वर्षासाठी मी कशाची प्रॅक्टिस करू?”

तीस वर्षं पोरांना त्यांच्या चुका सांगत आलेला माणूस, पिशवीची नाडी बांधत राहिला. शेवटी म्हणाले, “चाल बाबू. यष्टी सुटन.”

मी ढाल घेऊन तसाच मागे फिरलो. मला लाज वाटली. आजही आठवलं की वाटते.

*

वानखडे सर आता एकच मागणी धरून बसले : टॉस काढा, टायब्रेकर आणा, म्हणजे दोन्हीकडून पाच-पाच पेनल्टी. दोन वर्षं भांडले. यंदा बैठकीत विषय मताला टाकला. आठ कॉलेजं, आठ मतं.

धर्माळे सरांचं म्हणणं असं की पेनल्टी म्हणजे तरी काय, शेवटी नशीबच.

“नशीब असन,” वानखडे सर म्हणाले. “पन त्याची प्रॅक्टिस करता येते.”

अकोल्याचे एक सर ऐनवेळी फिरले, कारण त्यांना टॉस लाभायचा. मी वानखडे सरांच्या बाजूने हात वर केला. धर्माळे सरांनी डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना ते मोजणीच्या वेळी कळलं. मतं पडली चार-चार.

बरोबरी झाली तर काय करायचं, हे नियमावलीत एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. धर्माळे सरांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि खिशातून नाणं काढलं.

वानखडे सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “म्हंजे टॉस बंद करायचा का नाई, हे टॉसनं ठरवून राहिले तुमी?”

“नियम हाय, सर. मागा.”

सरांनी काटा मागितला. काटा पडला. माझ्या माहितीत ते टॉस जिंकले ते तेवढ्या एकाच वेळी.

*

यंदाची फायनल अकोल्यात झाली, वानखडे सरांच्याच मैदानावर. पुन्हा आम्ही आणि ते. सरांच्या नोकरीचा एकच महिना उरला होता आणि सुमेधचं हे शेवटचं वर्ष. म्हणजे पुढच्या वर्षी दोघांपैकी एकही ह्या स्पर्धेत असणार नव्हता. रेफ्री काझी सर. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा वानखडे सर स्वतः टेप धरून पेनल्टीची जागा मोजत होते आणि तिथे फक्कीचा पांढरा ठिपका देत होते. शिपायाला हात लावू देत नव्हते.

मॅच एक-एक सुटली. त्यांचा गोल सुमेधचा. मग टायब्रेकर. दोन्हीकडच्या चार-चार पोरांनी चार-चार गोल केले. आमच्या पाचव्यानेही केला. त्यांचा पाचवा सुमेध.

मी खोटं बोलणार नाही. माझी टीम समोर होती, मी तिचा मास्तर, आणि तरी मनात म्हणत होतो की जाऊ दे आत. एकदा तरी तो खिळा भरू दे.

सुमेध धावत आला, किक मारली, बॉल बारच्या वरून गेला. इतका वर की मागच्या बाभळीत अडकला.

आमच्या पोरांनी एकमेकांवर उड्या मारल्या. ह्या वेळी कोणाला काही म्हणायला जागाच नव्हती. ना मत, ना शीट, ना नाणं. बक्षीस समारंभ झाला, भाषणं झाली, सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पेंडॉल सुटायला लागला. आमची पोरं गाडीकडे गेली.

मी ढाल काखेत घेऊन वानखडे सरांना शोधायला निघालो. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. पोरं छान खेळली, तुमच्यामुळेच हा नियम आला, असंच काहीतरी. ऑफिसात ते नव्हते. क्रीडा विभागाच्या खोलीला कुलूप होतं.

ते मैदानावरच होते. सगळं रिकामं झालेलं, उन्हं कलायला लागलेली, आणि सर पेनल्टीच्या ठिपक्यापाशी गुडघ्यावर बसलेले. समोर बॉल, बाजूला सुमेध. पोराचे डोळे लाल होते, पण लक्ष देऊन ऐकत होता.

“अंग मागं गेलं तुयं, म्हनून बॉल वर गेला,” सर त्याचा पाय हाताने धरून जागेवर ठेवत होते. “टेकाचा पाय बॉलच्या बाजूले पायजे, मागं नाई. पाय, इथं. आता मार.”

इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, “सर, बरं झालं आले. कीपर पायजेच होता.”

मी ढाल खांबाला टेकवून ठेवली आणि गोलात जाऊन उभा राहिलो.