फ्रँकफर्ट ते काळेवाडी

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा दादा जर्मनीत होता. कंपनीने त्याला नव्या यंत्रांचं काम शिकायला फ्रँकफर्टजवळ पाठवलं होतं. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. काकांनी पोस्टात जाऊन तार केली: फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.

"फ्रँकफर्ट ते मुंबई नऊ तास. मंग घाट चढला की आलाच," काका ओट्यावर बसून सगळ्या काळेवाडीला सांगत होते. स्वतः कधी लोणावळ्यापलीकडे गेले नव्हते, पण आव असा की विमान तेच हाकतायत. "परवा सकाळी दारात हाय बघा."

परवा आला आणि गेला. उलट तारही आली नाही. निघालाच असणार, तार कशाला करील, असं काका म्हणाले. आई रेडिओपाशी बसून राहायची. विमान पडल्याची बातमी येईल, ही तिची धास्ती. ती बोलून दाखवत नव्हती, पण बातम्या संपेपर्यंत कुणाला बोलू द्यायची नाही.

आबांची खाट दाराजवळ सरकवली होती. त्यांचा जीव दादासाठी घुटमळत होता. डोळे मिटूनच विचारायचे, "कुठवर आलं गं इमान?" मी शाळेतला जुना नकाशा उघडून सांगायची, कैरोवर. दुसऱ्या दिवशी सांगितलं, समुद्रावर. त्याच्यापुढे फक्त मुंबईच उरली होती, म्हणून मी विमान समुद्रावरच ठेवलं.

शेजारच्या बायका आबांबद्दल 'फार चांगले होते' असं बोलू लागल्या. काका परसात बांबू चाचपून बघताना दिसले. मला पाहून म्हणाले, "मांडवाला बघतुया." कसला मांडव? मला संताप आला.

एका दुपारी दारात टॅक्सी थांबली. दादा उतरला, उंबऱ्यात आला, डोक्यावरची टोपी काढली. डोकं तुळतुळीत भादरलेलं. आईने किंकाळी फोडली.

आमच्याकडे तारेत मेल्याचं कुणी लिहीत नाही. माणूस गेला तरी सीरियसच लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला वाटेत धक्का बसू नये. दादाने अशा तारा लहानपणापासून पाहिल्या होत्या. आबा गेले, हे त्याने तार वाचताच धरलं. लगेच निघालो तरी इतक्या लांबून पोहोचेपर्यंत माती कोण थांबवणार? म्हणून त्याने तिथेच अंघोळ केली, दहाव्याला पोहोचेल असं विमान ठरवलं, आणि निघताना सोबत्याकडून डोकं करून घेतलं.

खाटेवर आबांना जिवंत पाहून तो त्यांच्या उशाशी बसला. आबांनी डोळे उघडले. हात त्याच्या डोक्यावरून फिरवला, सावकाश, दोनदा.

"मला उशीर झाला का रं?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबा गेले. पवनेच्या काठी न्हावी बसला, तेव्हा दादाच्या डोक्यावर काढण्यासारखं काही नव्हतं. तरी रीत म्हणून त्याने वस्तरा फिरवला.