चौदा नंबरचा ब्रेक

निरंजनसाहेबांना आपलं पत्र्याचं शेड भाड्यानं हवंय, हे एजंटानं सांगितलं तेव्हा अमोल जेवत होता. हातातला घास त्यानं ताटात ठेवला आणि हसला. धोंडाबाईंनी लेकाला असं हसताना कैक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते हसू त्यांना मुळीच आवडलं नाही.

एजंट गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्योच का रं ह्यो? तुजं वाटुळं केलं त्यो?"

"त्योच."

"मग न्हाई म्हणून सांग की. हितं आपल्या जांबे गावात कशाला आणायची ही ब्याद?"

"येऊ दे, आये. लांबनं मारलेला दगड नेमका बसत न्हाई."

डिप्लोमा झाल्यावर अमोल दूरच्या एका शहरात नोकरीला लागला होता. तिथं खांबांवरून धावणारी दोन डब्यांची छोटी रेल्वे होती. कधीकाळी लोक पोराबाळांना घेऊन तिच्यात मुद्दाम बसायला यायचे. अमोल गेला तेव्हा ती पार म्हातारी झाली होती. छत गळायचं, दारं अर्धीच उघडायची, वळणावर चाकं अशी किंचाळायची की खालच्या गल्लीतली कुत्री भुंकत सुटायची. सुटे भाग बनवणारी परदेशातली कंपनी केव्हाच बंद पडलेली. मग एक डबा कायमचा उभा करायचा आणि त्याचे अवयव काढून चालत्या डब्यांना लावायचे, असा उद्योग सुरू झाला.

दारं, पंखे, दिवे इथवर अमोलनंही ते केलं. ब्रेकला मात्र तो अडला. उभा डबा चौदा नंबरचा. त्याचे झिजलेले ब्रेक चुकूनही कुणी उचलू नयेत म्हणून त्यानं स्वतः त्यांच्यावर पिवळ्या रंगानं ठळक चौदा लिहिलं. डेपोचे प्रमुख निरंजनसाहेब म्हणाले, "गाड्या सुटायला हव्यात, अमोल. वरून रोज विचारणा होते."

"मी हे बसवणार नाही, साहेब."

साहेबांनी मग पुढच्या पाळीतल्या कंत्राटी पोरांकडून त्यातलाच एक ब्रेक बसवून घेतला. नऊ नंबरच्या डब्याला.

आठवडाभरात नऊ नंबर शेवटच्या स्टेशनात थांबलाच नाही. सरळ जाऊन भिंतीवर आदळला. उतारू आधीच उतरलेले, म्हणून वाचले. गाडी चालवत होता विश्राम, अमोलच्या खोलीतला जोडीदार. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशीत साहेबांनी सांगितलं, ब्रेक कोरा होता, अमोलनं तो बसवताना हयगय केली. कंत्राटी पोरं तोवर कुठल्या कुठं पांगली होती, आणि चौकशीला आलेल्यांपैकी कुणी डब्याखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. अमोल दवाखान्यात गेला तर विश्रामनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"परत मला तोंड दाखवू नकोस," तो म्हणाला.

नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. गावात चहाच्या टपरीवर तो दिसला की कुणीतरी हळूच म्हणायचं, "गाडी आपटवली त्यो ह्योच." अमोल घरच्या भाड्याच्या खोल्यांचे नळ दुरुस्त करत राहिला. पाना फिरवताना त्याच्या मनात एकच मान असायची. निरंजनसाहेबांची.

आणि आता ते साहेब स्वतःची कंपनी काढून येत होते. शहरांतल्या जुन्या गाड्या दुरुस्त करून द्यायची कंपनी! शेड धोंडाबाईंच्या नावावर होतं, त्यामुळं करार त्यांच्याशीच झाला. अमोल समोर गेलाच नाही.

नमुना म्हणून दुरुस्त करायला पहिला डबा आला, तेव्हा मारुंजीच्या रस्त्यावर टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवून गाव डोक्यावर घेतलं. बांबूनं विजेच्या तारा उचलत लांबलचक ट्रेलर शेडपाशी लागला. अमोलनं गच्चीवरून नंबर वाचला. नऊ. अपघातापासून यार्डात गंजत पडलेला हा डबा त्या शहरानं आता साहेबांच्या हवाली केला होता.

दुसऱ्या दिवशी कामगार जेवायला बसल्यावर अमोल डब्याखाली शिरला. बाहीनं धूळ पुसली. रंग विटला होता, पण अक्षर त्याचंच होतं. चौदा. तो तिथंच उताणा पडून राहिला. बाहेर पडून ओरडावं, साहेबांच्या नरड्याला हात घालावा, असं वाटलं. पण एकट्यादुकट्यासमोर नको. चारचौघांत हवं. वाकून कुणी डब्याखाली बघू नये म्हणून तो रोज साहेबांची नजर चुकवून, काही ना काही निमित्त काढून शेडपाशी राखण करू लागला.

मधे एक दिवस काढून तो विश्रामकडं जाऊन आला. विश्रामनं दार उघडलं आणि लावायला लागला. अमोलनं दारात हात घातला. "मला माफ करू नकोस. फक्त एकदा चल आणि तुझ्या डोळ्यांनी बघ."

उद्घाटनाला मांडव पडला. डब्याला झेंडूच्या माळा घातल्या. दोन शहरांच्या रेल्वेचे अधिकारी पुढच्या रांगेत बसले. साहेबांनी माईक हातात घेतला. "प्रवाशांची सुरक्षितता हाच आमचा धर्म आहे," ते म्हणाले. मग जागेच्या मालकीणबाईंना नारळ फोडायला बोलावलं.

धोंडाबाई उठल्या. नारळ हातात घेऊन म्हणाल्या, "माजा ल्योक फोडंल."

मांडवाच्या मागून अमोल आला. त्याच्याबरोबर कुबडी टेकत विश्राम. साहेबांच्या हातातला माईक खाली आला.

"ओळखलं का, साहेब?" अमोल म्हणाला. मग अधिकाऱ्यांकडं वळला. "ह्या डब्याला कोरा ब्रेक बसवला होता, असं ह्यांनी चौकशीत सांगितलंय. तुमीच वाकून बघा, त्यावर काय लिवलंय ते."

"हा माणूस सूड म्हणून—" साहेब बोलू लागले.

"व्हय, सूडच हाय," अमोल म्हणाला. "पण ब्रेक बी हाय."

एक वयस्क अधिकारी मोबाइलचा दिवा लावून वाकला. उभा राहिला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना माती होती. "चौदा लिहिलंय," तो म्हणाला. "हा दुसऱ्या डब्याचा आहे."

विश्रामनं कुबडी उचलून साहेबांच्या छातीकडं रोखली. "इतकी वर्षं मी ह्या पोराला शिव्या दिल्या," तो म्हणाला. अमोलनं मग नारळ शेडच्या उंबऱ्यावर असा आपटला की त्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

पाहुणे न जेवताच गेले. दोन्ही शहरांनी कामं काढून घेतली, जुनी चौकशी पुन्हा उघडली. एका दुपारी साहेब घरी आले. धोंडाबाईंनी सवयीनं पाण्याचा तांब्या उचलला, तो अमोलनं त्यांच्या हातातून काढून घेतला.

"माझी मुलं शिकताहेत, अमोल. तुला नेमकं काय हवंय?" अंगणात उन्हात उभे राहून साहेबांनी विचारलं.

"तुमी असंच हुबं ऱ्हावं."

साहेब बराच वेळ उभे राहिले, मग गेले. "पुरं झालं आता," धोंडाबाई म्हणाल्या. अमोलनं तांब्या जागेवर नेऊन ठेवला.

चौकशी अजून चालूच आहे. विश्रामचा अधूनमधून फोन येतो. माफी मागणं त्याला जमत नाही, जेवलास का एवढं विचारतो. तारखेला अमोल कडक इस्त्रीचा शर्ट घालून जातो आणि साहेबांच्या बरोबर समोर बसतो. त्याला काही बोलावं लागत नाही, जबाब केव्हाच देऊन झालाय. गेल्या तारखेला साहेबांनी खुर्ची फिरवून त्याच्याकडं पाठ केली. अमोल उठला, आपली खुर्ची उचलली आणि त्या बाजूला जाऊन बसला.