दोन्ही बाह्या उजव्या

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आयुष्यात नाकावर माशी बसू दिली नाही. त्यांच्या हाताला नाव होतं, पण गिऱ्हाइकं त्यांना वचकून असायची. कुणी "जरा सैलसर शिवा हं" म्हणालं की त्या गळ्यातली टेप काढायच्या आणि म्हणायच्या, "माप तुमचं, कात्री माझी." घराची पुढची खोली म्हणजे दुकान. मधोमध कापायचं टेबल, आणि त्यावर कुणी कोपर टेकलेलंही त्यांना खपायचं नाही. मी धाकटी जाऊ. काजं, बटणं, हातशिलाई माझ्याकडे. इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं, पण त्यांच्या मोठ्या कात्रीला हात लावायची माझी कधी छाती झाली नाही.

लहानपणी आलेल्या कसल्याशा तापानं त्यांच्या हृदयाची एक झडप कायमची खराब झाली होती. त्या मात्र धाप लागली की जिन्याला शिव्या घालायच्या. शेवटी पाय सुजायला लागले, तेव्हा कुठे ऑपरेशनला तयार झाल्या. नवी यांत्रिक झडप बसली. खोलीत सामसूम असली की तिची टिकटिक ऐकू यायची.

"घड्याळाला किल्ली द्यायची कटकट गेली," जाऊबाई म्हणाल्या, आणि आम्ही जीव भांड्यात पडल्यासारखे हसलो.

ते हसू दुसऱ्याच दिवशी विरलं. जेवणाच्या ताटात उजवीकडचा भात संपला होता आणि डावीकडची भाजी तशीच होती. वर माझ्यावरच आवाज चढवून त्यांनी विचारलं, "भाजी का नाही वाढली?" मी ताट फिरवलं, तर भाजीकडे अशा बघत राहिल्या, जणू मी जादू केली. मग पांघरुणावर पडलेल्या त्यांच्याच डाव्या हाताकडे मी बोट दाखवलं, तेव्हा म्हणाल्या, "हा कुणाचा हात इथे? उचला आधी."

मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं याचाच संताप आला.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. रक्ताची गुठळी हृदयातून मेंदूत गेली होती. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली म्हणून डावा हातपाय अधू झाला होता. डोळे शाबूत होते, पण डावीकडेही काही असतं हे मेंदूच्या खिजगणतीतच राहिलं नव्हतं. "सुधारतील," डॉक्टर म्हणाले, "पण किती, ते आज नाही सांगता येणार."

घरी आल्यावर भाऊजींनी पहारा सुरू केला. भाऊजी म्हणजे जाऊबाईंचे यजमान, माझे मोठे दीर. माणूस मनाचा चांगला, पण घाबरला की त्याचा तुरुंगाधिकारी होतो. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर चालू राहणार, कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, एवढं ऐकून त्यांनी मोठी कात्री कपाटात कुलूपबंद केली. तेवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसले असते. पण त्यांनी बाजारातल्या एका टेलरला टेबल बघायला यायचं आवतण देऊन टाकलं.

"टेबल गेलं की तुझ्या डोक्यातलं खूळही जाईल," ते म्हणाले.

"मी अजून गेले नाही," जाऊबाई म्हणाल्या. "टेबलाला हात तर लावून दाखवा."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक युक्ती दिली होती. प्रत्येक गोष्टीच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची, आणि पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची. जाऊबाईंनी माझ्याकडून लाल फितीचं अख्खं रीळ संपवलं. दाराची चौकट, आरसा, टेबलाची कड, सगळीकडे लाल. आणखी एक, घरच्यांनी मुद्दाम डावीकडून बोलायचं, म्हणजे त्यांना तिकडे वळावं लागेल. भाऊजी इमानेइतबारे डावीकडे उभे राहून उपदेश करायचे. जाऊबाई ढिम्म हलायच्या नाहीत. त्यातला आजार किती आणि आडमुठेपणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही दोघी जुन्या वर्तमानपत्रांवर सराव करायचो. त्या पेन्सिलनं आखायच्या, मी दोरे तोडायची माझी छोटी कात्री पुढे करायची. कागद जमायला लागले तसा मी माझ्या ब्लाउजचा चौकड्याचा कपडा टेबलावर टाकला. चौकड्या जुळाव्यात म्हणून असा कपडा सुटा, म्हणजे घडी न घालता एकेरी कापतात. नमुन्याचा कागद ठेवून एक बाही कापायची, मग तो कागद उलटा करून दुसरी. कागद उलटायचं विसरलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. नवशिक्या पोरी हमखास तिथे फसतात, आणि जाऊबाई त्यांना सोलून काढायच्या.

जाऊबाईंनी माझ्या छोट्या कात्रीनं दोन्ही बाह्या कापल्या, आणि नेमके भाऊजी आत आले. त्यांनी दोन्ही तुकडे उचलून एकावर एक धरले. "दोन्ही बाह्या उजव्या! झालं समाधान?"

जाऊबाईंचा चेहरा पार उतरला. आजारपणात न रडलेली बाई त्या दोन चिंध्यांवर रडली. माझा तोल सुटला. "कपडा माझा, वाया गेला तर माझा गेला! तुम्हाला कुणी काही विचारलं का, भाऊजी?" मोठ्या दिरासमोर मी इतक्या चढ्या आवाजात पहिल्यांदाच बोलले, आणि मला त्याचा अजून पश्चात्ताप झालेला नाही.

बऱ्याच वेळानं जाऊबाईंनी पदरानं नाक पुसलं. "सुटा कापला म्हणून असं झालं," त्या म्हणाल्या. "आता चौकड्यालाही घडी. रेघेवर रेघ टाचण्यांनी धरायची. वेळ लागेल तो लागेल. डावं मला दिसत नाही ना? मग त्याला उजव्याच्या खालीच घालते. जाईल कुठे?"

त्या दिवसापासून डाव्या हातालाही सुट्टी मिळाली नाही. त्याला बोटं नीट हलवता येत नव्हती, तर जाऊबाईंनी त्याला वजन म्हणून कापडावर ठेवून दिलं. "फुकट खातोस, निदान दाबून तरी धर," असं त्या त्याला चक्क सुनवायच्या.

टेलर ठरल्याप्रमाणे आला. त्याला टेबलाबरोबर मोठी कात्रीही हवी होती, म्हणून भाऊजींनी ती कपाटातून काढली आणि सवयीनं जाऊबाईंच्या डावीकडे येऊन उभे राहिले. टेबलावर मी नव्यानं आणलेला चौकड्याचा कपडा होता. घडी घातलेला, टाचण्या मारलेला, खडूनं आखलेला.

"कापड उचलता का? टेबल मोजायचंय," टेलर म्हणाला.

"कापून झाल्यावर," जाऊबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मान वळवली. कुणी हाक मारली नव्हती, कुणी डिवचलं नव्हतं. मान लाल फितीपर्यंत आली आणि थांबली नाही. फितीच्या पलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे त्यांनी सरळ बघितलं. कापडावरचा डावा हात हळूहळू उचलला गेला आणि पंजा अर्धवट उघडला.

"कात्री."

"अगं, कापलं तर रक्त..."

"रक्त माझं, कात्रीही माझी."

भाऊजी त्या हाताकडे बघतच राहिले. मग त्यांनी कात्री त्यावर ठेवली, आणि ती पेलेपर्यंत आपला हात खाली धरला. जाऊबाईंनी ती उजव्या हातात घेतली, डावा हात पुन्हा कापडावर दाबला आणि कापायला सुरुवात केली. टेलरनं टेप गुंडाळून खिशात टाकली. कात्रीच्या आवाजाबरोबर झडपेची टिकटिकही ऐकू येत होती.

टाचण्या मी काढल्या. जाऊबाईंनी घडी उलगडली. एक बाही उजवी, एक डावी.

त्यांनी आधी डावी उचलली.