बाई गाडीतून उतरत नसत

आमचं गाव हा गाडीचा शेवटचा थांबा. सकाळची एसटी तालुक्याच्या गावाहून, पूर्णेहून निघते, शाळेसमोरच्या लिंबापाशी येऊन वळते आणि भरून परत पूर्णेला जाते. त्या गाडीने बाई आमच्या शाळेत शिकवायला यायच्या आणि त्याच गाडीने मी कॉलेजला जायचे. पाचवी ते सातवी बाईंनी मला शिकवलं. पण आज त्यांची आठवण काढायला बसले की वर्गाआधी मला ती गाडीच आठवते.

गाडी थांबली की खाली उभी असलेली माणसं खिडकीतून रुमाल, टोप्या, दुधाच्या रिकाम्या किटल्या आत टाकून जागा धरायची. दारात रेटारेटी. मला ती कधी जमली नाही. बाई मात्र खिडकीशी बसलेल्या असायच्या आणि उतरायच्याच नाहीत. सगळी गाडी रिकामी होऊन पुन्हा भरायला लागली तरी मांडीवर पर्स धरून बसून. मी कशीबशी त्यांच्यापर्यंत पोचले की मग उठायच्या आणि त्यांच्या जागेवर मी बसायचे.

कंडक्टर अधूनमधून म्हणायचा, "बाई, शाळा खाली हाय. गाडीत न्हाई भरत."

"माहीत हाय मला," बाई म्हणायच्या. "तिकीट काढलंय मी. तुमाला काय घाई झाली?"

हे सगळं बाबांच्या अटीमुळे होतं. बाबा गवंडीकाम करतात. बारावीपर्यंतची शाळा शेजारच्या गावात होती, पायी जाता यायचं. पुढे पूर्णेला जायचं म्हटल्यावर बाबांनी दोन गोष्टी सांगितल्या. गाडीत उभ्यानं, गर्दीत जायचं नाही. आणि नापास झाले की शिक्षण बंद, घरी बसायचं. आमच्या घरात कॉलेजात कुणीच गेलं नव्हतं, त्यामुळे अशा अटीवर काही बोललं तर चालतं की नाही हेही आम्हाला माहीत नव्हतं. मी मान डोलावली. आई बाईंना जाऊन भेटली. दुसऱ्या दिवसापासून पहिली अट बाईंनी स्वतःकडे घेतली. दुसरी माझ्याकडे राहिली.

बाबांबद्दल कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगते. मी सहावीत होते. बाईंनी वर्गात विचारलं, "ही भिंत सरळ हाय, हे कुणी ठरवलं?" मी हळूच म्हणाले, "आमच्या बाबाला येतं ते." बाबा तेव्हा गावातच एका घराच्या प्लास्टरवर होते. बाईंनी निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी बाबा सिमेंटचे हात धुऊन, ओळंबा घेऊन वर्गाच्या दारात उभे. आत येईनात.

"या मिस्तरी, आत या. आज तुमचा तास हाय."

बाबांनी भिंतीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून, भराभर काहीतरी सांगितलं आणि दोरी गुंडाळायला लागले.

"मला न्हाई कळालं," बाई म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

बाबा थांबले. या वेळी आमच्याकडे वळले. "हा लाकडाचा गुटका वर भितीला टेकवायचा. खाली हा लट्टू सोडायचा. लट्टू भितीला नुसता शिवला पायजे. दाबला तरी भीत वाकडी, लांब ऱ्हायला तरी वाकडी." मग बाईंनी ओळंबा मागून घेतला, खुर्चीवर चढल्या आणि स्वतः लावून पाहिला. शाळेची भिंत खिडकीपाशी थोडी वाकडी निघाली. सगळा वर्ग हसला. बाबाही हसले. वर्गात उभे राहून बाबा हसताहेत, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरी बाबा किती तरी दिवस सांगत होते, "बाईनं मला दोनदा इचारलं. एवढ्या शिकलेल्या बाईनं."

बाईंची पद्धतच ती होती. धडा संपला की त्या विचारायच्या, काय कळालं नाही. गाडीतही तेच. जागा बदलायची ती दोन मिनिटं, मधल्या वाटेत पिशव्या आणि माणसं, आणि बाई उठता उठता विचारायच्या, "काल काय कळालं न्हाई?"

पहिल्या दिवशी मी म्हणाले, "समदं कळालं, बाई."

"मग आज कामून जायलीस?"

मागच्या बाकावरचे म्हातारे हसले. तेव्हापासून मी रोज तासाला एक तरी न कळालेली गोष्ट लक्षात ठेवायला लागले. ते अवघड नव्हतं. बी.एस्सी.ला सगळं इंग्रजीत होतं आणि पहिले दोन महिने मला फळ्यावरचं उतरवून घेणं एवढंच येत होतं. एकदा मी म्हणाले, "गणितात लिमिट म्हणत्यात ते न्हाई कळालं."

"मलाबी न्हाई माहीत. सरांना इचार, आन उद्या मला सांग."

मी सरांना विचारलं. कॉलेजात हात वर करण्याची माझी ती पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी गाडीत बाईंना सांगायला लागले, की एखाद्या आकड्याच्या जवळ जवळ जात राहायचं, पण त्याला पोचलंच पाहिजे असं नाही. तेवढ्यात घंटी वाजली.

"ओ, थांबा जरा," बाईंनी कंडक्टरला सांगितलं. "पोरीचं अर्धंच ऱ्हायलंय."

पहिल्या वर्षाचा निकाल मी पूर्णेला एका झेरॉक्सच्या दुकानात बघितला. बाकीचे विषय सुटले होते, गणित राहिलं होतं. नियमाप्रमाणे दुसऱ्या वर्षाला बसता येत होतं आणि तो पेपर पुन्हा देता येणार होता. पण बाबांच्या अटीत असं काही नव्हतं. त्यांच्या लेखी नापास म्हणजे नापास. मी घरी सांगितलं, "पास झाले." आईने साखर वाटली.

बाईंना खोटं सांगणं मला जमलं नसतं. आणि खरं सांगायचं म्हटलं तर ते भरलेल्या गाडीत सांगावं लागणार. आमच्या गावात गाडीत बोललेलं संध्याकाळपर्यंत घरी पोचतं. तसं तर शाळेत जाऊन बाईंना एकट्यांना भेटता आलं असतं. हे मला तेव्हाही सुचलं होतं. मी गेले नाही, कारण मला लाज वाटत होती. मी घरी सांगितलं की आता कॉलेज लवकर भरतं, आणि पायी फाट्यावर जाऊन तिथून ऑटोने पूर्णेला जायला लागले.

तीन आठवडे असे गेले. एक दिवस पूर्णेच्या बाजारात आमच्या गावची भाजीवाली मावशी भेटली.

"कुठं असतीस गं? बाई रोज बसत्यात तुझ्यासाठी. कंडक्टरनं घंटी मारली की मग उतरत्यात."

"जाते आता गाडीनं," मी म्हणाले. आणि तरी पुढचे चार दिवस फाट्यावरूनच गेले.

पाचव्या दिवशी शाळेला सुट्टी दिलेली दिसली. बाईंच्या छातीत रात्री दुखायला लागलं, परभणीला नेलं, पण उपयोग झाला नाही. निवृत्तीला त्यांचं एकच वर्ष राहिलं होतं.

पूर्णेला त्यांच्या घरी बौद्ध रीतीप्रमाणे पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला होता. बाबा म्हणाले, "मीबी येतो. मला वर्गात बोलावणारी तेवढीच एक बाई." आम्ही मोटारसायकलवर गेलो. काय न्यायचं असतं ते आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून वाटेत पांढरी फुलं घेतली. मांडवात बुद्धवंदना झाली आणि मग एकेक जण उठून बाईंबद्दल बोलायला लागले. आमच्या शाळेच्या सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, माजी विद्यार्थ्यांतर्फे तू बोल. मी रात्री बसून पानभर लिहून आणलं होतं. त्यात बाईंच्या प्रेमाबद्दल, शिस्तीबद्दल चांगली वाक्यं होती. खोटं एकही नव्हतं. ते वाचून खाली बसले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

बाबा पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत बसले होते. माझं नाव पुकारल्यावर त्यांनी शेजारच्याला काहीतरी सांगितलं. माझी मुलगी, असंच सांगितलं असणार. मी माइकपाशी गेले. कागद हातात होता. समोर बाईंचा फोटो होता. मी खरं बोलले तर याच मांडवात बाबांना कळणार होतं, आणि उद्यापासून कदाचित कॉलेज संपणार होतं. मी कागदाची घडी घातली. लोकांना वाटलं, रडू आलं असेल.

मग मी म्हणाले, "मी गणितात नापास झाले. बाईंना सांगायची लाज वाटली म्हणून मी गाडीनं जायचं सोडलं. बाई माझ्यासाठी जागा धरून बसत होत्या. ते मला कळालं होतं, तरी मी गेले नाही." मी तशीच जाऊन बायकांत बसले. बाबांकडे बघितलं नाही.

जेवणाच्या वेळी बाईंचे मालक माझ्याकडे आले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, हळू बोलणारे. बाबाही मागून आले आणि तिथेच उभे राहिले.

"काका, बाईंना लय वाईट वाटलं असंल," मी म्हणाले.

"वाटलं," काका म्हणाले. "दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणली, पेपर ऱ्हायला असंल तिचा. लग्न ठरलं असतं तर पत्रिका आली असती."

मला हसू आलं आणि रडूही.

"मी म्हणलो, मग जाऊन इचार की घरी. तर म्हणली, न्हाई, मी गेले की मिस्तरीला कळंल."

बाबा एक पाऊल पुढे आले. "बाई मला भ्यायच्या व्हय?" त्यांनी विचारलं.

"तुमाला न्हाई हो. तुमी एकदा बोललात की बदलत न्हाई म्हणायची. पोरगी आपणहून सांगंल, तवर थांबू म्हणली."

बाबांनी मान खाली घातली. काकांनी आम्हा दोघांना जेवायला बसवलं, आग्रह करून भात वाढला.

येताना बाबा गाडी हळू चालवत होते. फाटा ओलांडला तेव्हा त्यांनी विचारलं, "किती इषय ऱ्हायलेत?"

"एक."

"पुन्हा देता येतो?"

"व्हय. फॉर्म भरलाय मी."

"माझी सही?"

"लागत न्हाई."

आम्ही घरी पोचलो. आई अंगणात धुणं काढत होती. बाबांनी गाडी उभी केली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "हिचा एक इषय ऱ्हायलाय. पुन्हा देणार हाय. अभ्यासाला बसली की काम सांगू नको."

आईच्या हातात ओलं लुगडं होतं. तिने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बाईला माहीत व्हतं?"

"व्हय," मी म्हणाले.

"म्हंजे साखर वाटणारीलाच न्हवतं," आई म्हणाली आणि लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, पिळायला.