केळफुलांवर रंधा

रस्ता रुंद होणार, हे मी लग्न होऊन या पेठेत आले तेव्हापासून ऐकते आहे. त्यामुळे यंदा पालिकेची माणसं टेप घेऊन आली तेव्हा कुणी गल्ल्यावरून उठलंसुद्धा नाही. उठायला हवं होतं. त्यांनी दुकानादुकानात चुन्याने खुणा केल्या. सासऱ्यांचं भांड्यांचं दुकान आता मी चालवते. माझी खूण उंबऱ्यापासून सहा फूट आत आली, थेट काउंटरच्या मागे. दुकान चौदा फूट खोल. उरलेल्या आठ फुटांत भांडी मांडायची की गिऱ्हाईक उभं करायचं?

सुटायची वाट एकच होती. ज्या इमारतींचा दर्शनी भाग जुना आणि मूळचा आहे, त्यांची वेगळी यादी होणार होती. त्यांना हात लावणार नव्हते.

मला वाटलं, मग अडचण कसली? ही अख्खी पेठ कापसाच्या भरभराटीत उभी राहिलेली. आधी राजस्थानातून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलं, मग आमच्यासारख्या शेतकरी घरांनी त्यांचं पाहून बांधलं. खाली दुकान, वर गॅलरी, सागवानी खांब, आणि खांबांच्या माथ्यावर पुढे झुकलेली लाकडी केळफुलं.

पाहणीला आलेली इंजिनिअर बाई धुळ्याची. रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती वहीत एकेका दुकानाच्या नावापुढे ‘नवीन बांधकाम’ लिहीत गेली. तिला तरी काय दोष देणार? गेल्या काही वर्षांत आम्ही सगळ्यांनी दुकानं एसीपीच्या चकचकीत ॲल्युमिनियम पत्र्यांत मढवली होती. एकाने लाल पत्रे लावले की पुढच्या दसऱ्याला शेजाऱ्याचे निळे, दोन फूट जास्त उंच. जुनं दिसणारं घर एकच उरलं, समोरच्या आबांचं. कापडाचं दुकान बंद केल्यापासून आबा नुसते ओट्यावर बसून असतात. इतक्या वर्षांत त्यांनी त्या घराला एक खिळा ठोकला नाही. यादीत नाव लागलं ते त्यांचंच.

“बठ्ठी पेठ नवी करी टाकी तुम्ही,” आबा ओट्यावरून म्हणाले. “आते जुनी कथाईन आनशात, सुनबाई?”

“जुनी कुठून आणायची ते मी बघते. तुम्ही आळस केलात आबा, आणि त्याचं कौतुक चाललंय.”

“चालू दे ना! मन्हा आळसले सरकारी शिक्का भेटी गया.”

हरकत घ्यायला आठ दिवस होते. आधी मी फोटो शोधले. घरातले सगळे अल्बम जमिनीवर ओतले. दुकानाचे फोटो पुष्कळ निघाले, पण प्रत्येकात दहा-बारा माणसं फेटे बांधून, हार घालून उभी. मागे काय आहे ते एकाही फोटोत दिसेना. इमारतीचा फोटो कोण काढतं? खांबाचा एक तुकडा दिसला, त्यावर झेंडूचं तोरण.

मग पत्रे उतरवायचं ठरवलं. ज्या मिस्त्रींनी लावले होते त्यांनाच बोलावलं. ऐन लग्नसराई, फैजपूरकडची गिऱ्हाइकं रुखवताच्या भांड्यांसाठी आलेली, आणि मी दुकानापुढे शिडी लावून उभी. वरच्या गॅलरीवरचा पत्रा निघाला. आतले खांब, कठडा, सगळं शाबूत. मला हायसं वाटलं. मग खालचा पत्रा निघाला. केळफुलं नव्हतीच. त्यांच्या जागी गुळगुळीत, सपाट लाकूड.

“मिस्त्री, हे काय?”

“ताई, तुम्हीच म्हणाला होता. फुलं पुढे येतात, पत्रा सपाट बसत नाही, उडवून टाका. मी म्हटलं, सागवान आहे, ऱ्हाऊ द्या. तुम्ही म्हणालात, नुसती धूळ धरतात.”

म्हणाले होते. शब्दन्‌शब्द आठवलं. पटाशीने फुलं उडवून वर रंधा मारला, तेव्हा मी शेजारी उभी राहून काम नीट होतंय ना हे बघत होते.

इंजिनिअर बाई पुन्हा आली, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि लिहिलं: वरचा मजला जतन करावा, तळमजला रुंदीकरणात घ्यावा.

“म्हणजे गॅलरी ठेवणार आणि खालचं दुकान कापणार?” मी विचारलं.

“नियमाप्रमाणे तसंच येतं.”

“मग गॅलरी उभी कशावर राहील?”

“ते दुसरा विभाग बघेल.” तीही कंटाळली होती. मग जरा आवाज उतरवून म्हणाली, “खालचे खांब मूळचेच आहेत आणि नक्षी नंतर उडवली, असं लेखी द्या. उडवणाऱ्याची सही लागेल.”

मिस्त्री सही करायला तयार होईनात. “मला आत घालतील का?” हेच चार वेळा विचारलं. शेवटी मी म्हटलं, घातलं तर मला आधी घालतील, तुम्ही माझ्या सांगण्यावरून केलंय. ते पटलं. सही झाली.

शेवटच्या दिवशी अर्ज घेऊन पालिकेत गेले. खिडकीतल्या कारकुनाने रकाने तपासले. ‘मूळ बांधकामाचे नुकसान कशामुळे’ या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. तिथे मी माझं पूर्ण नाव लिहिलं होतं.

“ताई, इथे लोक वाळवी लिहितात. नाहीतर पाऊस.”

“वाळवी रंधा मारते का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि पोचपावती पुढे सरकवली. निकाल कधी लागेल ते विचारलं. कळवू म्हणाला.